टिटवीची माणसं

शेवटच्या वळणावर टिटवी सगळ्यांच्या पुढे होती, आणि तिथेच तिने मान वळवली.

मागून येणाऱ्या मुलींकडे नाही. कठड्याशी हातात घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या सरांकडे. तिची पावलं मंदावली आणि बघता बघता दोघीजणी तिच्या बाजूने निघून गेल्या. टिटवी तिसरी आली. क्रीडा वसतिगृहात जागा दोनच होत्या, आणि वयाच्या अटीत बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष होतं.

परतीच्या वाटेवर बेकरीवाला मुकाट गाडी चालवत होता. डॉक्टरबाईंनी नेहमीप्रमाणे टिटवीची नाडी पाहिली आणि मग, आता बसलेच आहे शेजारी, म्हणत सरांच्या मनगटाला हात घातला. सरांनी तो झटकला.

"पालथ्या घड्यावर पाणी," ते टिटवीला म्हणाले. "धावणाऱ्याने मान वळवायची नाही, हे किती वेळा सांगितलं? काय बघत होतीस?"

"तुम्ही उन्हात उभे होता. टोपी नव्हती."

"माझी टोपी धावणार होती का?"

मांडीवरच्या वहीत तिने हिरव्या पेनाने आपली वेळ लिहिली. ते पेन सरांनीच दिलं होतं. रोजची वेळ ज्याची त्याने स्वतःच्या हाताने लिहायची, म्हणजे खोटं लिहायला हात धजत नाही, असा त्यांचा नियम होता.

अडीच वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हा सर सहा महिने घराबाहेर पडले नव्हते. शाळेत तीस वर्षं पोरांना पळवलेला माणूस खाटेवरून उठेना. दूरच्या शहरातली लेक येऊन पंधरा दिवस राहिली आणि रजा संपली तशी परत गेली. त्यानंतर आठवड्याभराने डॉक्टरबाई दारात उभ्या राहिल्या. सोबत त्यांच्या दवाखान्यातल्या नर्सची काटकुळी मुलगी.

"हिला पळता येतं, पण शिकवायला कोणी नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

लांबच लांब पायांची ती पोर मैदानावर पळताना पाहून सरांनी तिचं नाव टिटवी ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली.

एकट्या मास्तराने खेळाडू घडत नाही, त्याच्यामागे चार माणसं लागतात, हे त्यांचं जुनं म्हणणं. ती माणसं त्यांनी आठ दिवसांत गोळा केली. तब्येत डॉक्टरबाईंनी बघायची. बूट कोपऱ्यावरच्या बूटवाल्या काकांनी. सकाळचं दूध आणि अंडी बेकरीवाल्याकडून. तो सरांचाच विद्यार्थी, खेळाच्या तासाला कुंपणावरून पळणारा. कोणीही आढेवेढे घेतले नाहीत. शिक्षकाच्या शब्दाला अजून वजन आहे, या विचाराने सरांची छाती वीतभर फुगली होती.

आणि माणसंही हौशी निघाली. टिटवीच्या बुटांना नवे सोल लावताना काका सरांच्याही चपलांना लावून देत. बेकरीवाला दुधाचे दोन पेले पाठवी, कारण टिटवीच्या एकटीच्या घशाखाली म्हणे दूध उतरत नसे. अंग गरम करायच्या दोन फेऱ्या तर ती सरांना सोबत घेतल्याशिवाय मारायचीच नाही. पाऊस असो, परीक्षा असो, सकाळी सहाला तिची थाप दारावर पडायचीच.

"पोरीचं माझ्याशिवाय पान हलत नाही बघ," सर फोनवर लेकीला सांगत.

"दिसतंच आहे, बाबा," लेक म्हणे.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांना बेकरीच्या मागच्या खोलीत जमवलं. पिठाच्या पोत्यांवर सगळे बसले. सरांनी उभ्यानेच सांगून टाकलं, की हा उद्योग आजपासून बंद. पोरगी गुणी आहे, पण तिला भूक नाही. जिला जिंकायचंच नाही तिच्यामागे चार माणसांनी का राबायचं?

काकांचा चेहरा उतरला. "असं तडकाफडकी नका ठरवू, सर. मग सकाळी तुम्ही करणार काय?"

"प्रश्न माझा नाही."

बेकरीवाल्याने डॉक्टरबाईंकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनी जमिनीकडे.

टिटवी दाराला टेकून उभी होती. "मी उद्या येणार आहे, सर. सहाला."

"कशाला?"

"पळायला."

"कोणासाठी?"

ती सरांच्या चपलांकडे बघत राहिली.

"उत्तर नाही ना? मग घरी बस. तुझ्यापायी माझी दोन वर्षं मातीत गेली."

हे बोलताना आपला आवाज चढला, ते त्यांना कळलं. पण त्यांनी तो उतरवला नाही. टिटवीने मान हलवली आणि ती गेली.

संध्याकाळी ते दवाखान्यात गेले. एकदा बंद म्हटलं की बंद. टिटवीची फाइल घ्यायची आणि तिच्या आईच्या हातात ठेवायची. डॉक्टरबाई आत रुग्ण तपासत होत्या, बाहेर कोणी नव्हतं. सरांनी फाइलींचं कपाट स्वतःच उघडलं.

टिटवीची फाइल कुठेच नव्हती. त्यांच्या स्वतःच्या नावाची होती, चांगली जाडजूड.

वरच एक घडी पडून मऊ झालेला कागद होता. अक्षर लेकीचं, तारीख दोन वर्षांपूर्वीची. 'बाबांसाठी' असं वर लिहून तिने रेघा आखल्या होत्या. नाडी, रक्तदाब: डॉक्टरबाई. न घसरणाऱ्या चपला: कोपऱ्यावरचे काका. दूध, अंडी: बेकरी. सकाळी सहाला उठवून मैदानावर नेणं, दोन फेऱ्या चालवणं: नर्सची मुलगी.

त्याखाली डॉक्टरबाईंनी गेल्याच आठवड्यात लिहिलं होतं: 'तिची निवड झाली तर ती वसतिगृहात जाणार. मग यांना सकाळी उठवणार कोण?'

आणि त्याच्याही खाली, हिरव्या शाईत: 'मी जाणार नाही.'