डॉक्टरीण काय म्हणाली

डॉक्टरणीनं दिवस भरत आलेल्या रखमीच्या सुजलेल्या पायावर बोट दाबलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि हिंदीत भराभर काहीतरी बोलली. रखमीला त्यातलं अक्षर कळलं नाही. तिची भाषा वारली; मराठीसुद्धा बाजारापुरतीच. तिनं दक्षाकडे पाहिलं.

दक्षा दवाखान्यातली आया. तलासरीच्या बाजारपेठेत वाढलेली, म्हणून वारली सफाईनं बोलायची.

"म्हणते, तुम्ही लोक शेवटच्या घटकेला येता आणि आमच्या गळ्यात पडता."

"डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं अंधारी येते, एवढं सांग तिला."

दक्षानं सांगितलं. डॉक्टरणीचा चेहरा लाल झाला. तिनं आवाज चढवून खिडकीजवळच्या रिकाम्या खाटेकडे हात केला.

"ती खाट चांगल्या घरच्या बायांसाठी आहे, म्हणते," दक्षा म्हणाली.

डॉक्टरीण निघाली, पण जाताना दोनदा मागं वळून पाहत गेली. रखमीची सासू भिकी भिंतीला टेकून सगळं बघत होती. तिच्या बहिणीचं अशाच एका दवाखान्यात न विचारता ऑपरेशन केलं होतं. पुन्हा तिची कूस उजवली नाही.

"हिच्या मनात काहीतरी आहे," भिकी पुटपुटली.

रखमीला तहान लागली होती. दक्षानं तांब्या आणला, वरून तिच्या ओंजळीत धार धरली आणि आवाज खाली आणला.

"खरं सांगू, बाय? राहिलीस तर पोट फाडील, पुढचंही बंद करून टाकील. घरी जा. मी सांगितलं म्हणू नको."

एवढ्या मोठ्या दवाखान्यात आपलं म्हणावं असं हे एकच माणूस, रखमीला वाटलं.

फाटकाशी पाड्यावरचा सुदाम रिक्षा घेऊन थांबला होता. दोघी बसल्या, रिक्षा सुरू झाली, तेवढ्यात डॉक्टरीण पळत आली आणि तिनं रिक्षाचा दांडा धरला.

"हाण रिक्षा," भिकी म्हणाली. "हात लावू देऊ नको तिला."

डॉक्टरीण धापा टाकत बोलतच राहिली. सुदाम हायवेवर रिक्षा चालवायचा, हिंदी त्याला चांगली कळायची. त्यानं इंजिन बंद केलं.

"काय म्हणते?" रखमीनं विचारलं.

सुदाम मागं रखमीकडे वळला. मग म्हणाला, "ती म्हणते, तुझ्या जिवाला धोका आहे, मघापासून हात जोडून सांगतेय, इथंच राहा. आणि विचारते, तू उलट तिला शिव्या का दिल्यास?"