झोत बिघडू नये म्हणून

इंदूरच्या प्रयोगशाळेत काम करणारा रतिलाल सोनगीरला मुलगी पाहायला आला. मुलीच्या वडिलांनी, रुपचंद आबांनी, विचारलं, "तुम्ही काय काम करतस?"

"यंत्रातून कणांचा झोत धावतो. त्याला न शिवता त्याची जाडी मोजायचं साधन बनवतो."

"मधमा काही घालं ते?"

"मध्ये काही घातलं तर झोतच बिघडतो, आबा."

आबांनी मान डोलावली. मग रतिलालनं मुलीला, सुनंदाला, काहीही विचारलं, की उत्तर आबाच देऊ लागले. बिचाऱ्याला तिचा आवाजही ऐकू येईना.

शेवटी सुनंदाच म्हणाली, "आबा, तुम्ही जरासा बाहेर बठा. झोत बिघडी राह्यना."

आबा उठून खिडकीबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले. रतिलालनं धीर एकवटून हळूच विचारलं, "मी पसंत आहे का तुम्हाला?"

सुनंदा लाजून हसली. तिनं तोंड उघडलं, तोच खिडकीतून आवाज आला, "शे, शे! पसंत शे!"