आग्याची नजर

मत्सराच्या आगीत मोठमोठी राज्यं जळून गेली. साखरा गावात मात्र तिच्या तावडीत सेलवर चालणारा एक भुंगा सापडला.

दिपकच्या मामानं पुण्याहून राक्षस पकडायचा व्हिडिओ गेम आणला होता. दिपकनं त्यात आग ओकणारा भुंगा पकडला, नाव ठेवलं आग्या. चुलतबहीण निलमला तो गेम हातातही मिळेना. ‘मरू दे मेला,’ ती रोज मनात म्हणायची.

एका दुपारी आग्या आग ओकेनासा झाला. दिपकनं सेल काढून अंगणात उन्हात ठेवले. आजीनं वेगळाच इलाज काढला. गेमवरून मीठमिरच्या उतरवून तिनं चुलीत टाकल्या.

“कुणालाच ठसका न्हाई आला. नजर लागली बराबर! कोणाची गं?”

निलमनं मान खाली घातली.

तेवढ्यात गेममधून कुणीतरी खोकलं.

“काहून खोकून राहिला रे ह्यो?”

“आजी, सेल तर उन्हात हायेत,” दिपक म्हणाला.

काळ्या पडद्यावर आग्या उजळला, हळूच वळला आणि निलमकडे बघू लागला. खोकला थांबला.

निलमचा घसा तापला. तिनं तोंड उघडलं, तशी धुराची बारीक रेघ बाहेर पडली.

“आजी,” ती म्हणाली, “घोटभर पाणी दे ना.”