गॅसची नोंद

समुद्रतळाखालचा बर्फ तपासून रुपाली दोन महिन्यांनी जहाजावरून उतरली आणि वणीजवळच्या आपल्या गावी आली. अहवाल अजून द्यायचा होता. त्या बर्फात गॅस कोंडलेला आहे आणि समुद्र असाच तापत गेला तर बर्फ वितळून तो सुटू लागेल, ही ओळ साहेबांनी काढायला सांगितली होती. गॅस किती आहे, एवढंच लिहा, म्हणाले.

तिनं हे बाबांना सांगितलं. देवराव कोळशाच्या खाणीत वीस वर्षं गॅस तपासायचे.

"कोणता गॅस?"

"मिथेन. तुमच्या खाणीत निघे तोच."

देवराव भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिले. कापसानं दगा दिला त्या वर्षी त्यांचा मुलगा धम्मरत्न खाणीत लागला होता आणि चौथ्याच महिन्यात स्फोटात गेला होता.

"त्या दिवशी दिव्याची ज्योत निळी झालती, म्हंजे गॅस होता," ते म्हणाले. "मले दिसली. साहेब म्हणे, पाळी संपू दे, मंग लिही. मी वहीत लिवलं, गॅस नाही."

"दादा खाली असताना?"

"त्याची पाळी नव्हती, बाई. दुसऱ्याच्या बदल्यात उतरला, हे मले मागून समजलं."

"म्हणजे खाली दुसऱ्यांची पोरं आहेत असं समजून तुम्ही लिहिलं."



रुपालीनं ती ओळ अहवालात तशीच ठेवली. बाबांकडे मात्र तिला पुन्हा कधी नीट पाहता आलं नाही.