कोपराचं माप

ओट्याची काळी फरशी पहिल्या घावाला हललीही नाही. तिसऱ्याला मधोमध फुटली आणि दारात उभ्या असलेल्या सुनेनं श्वास सोडला. लग्न होऊन आल्यापासून ती त्या ओट्यावर वाकत होती. ओटा सासूबाईंच्या बेताचा, बुटका. आणि सून अशी ताडमाड, की सुरुवातीला चौकटीवर कपाळ आपटायचं. हल्ली आपटत नव्हतं. सगळे म्हणत, घराला सरावली.

गवंड्यानं राडारोडा पायानं बाजूला सारला, कानामागची पेन्सिल काढली. "नवा ओटा किती उंच घ्यायचा? जिचा ओटा, तिच्या कोपराचं माप. घरची बाई कोण, या पुढे."

सून पुढे झाली, तेवढ्यात नवऱ्यानं हाक मारली, "आई, ये गं!"

या गृहस्थाचा स्वयंपाकघराशी संबंध पाण्याच्या पेल्यापुरता, तोही कुणीतरी भरून हातात दिलेला. सासूबाई खुर्चीतून उठल्या. स्वयंपाकातून त्या कधीच निवृत्त झाल्या होत्या, मानातून नव्हे. बांगड्या मागे सारून त्यांनी हात कोपरात मुडपला. गवंड्यानं भिंतीवर रेघ ओढली. जुना ओटा होता, बरोबर तिथेच.

"अहो, स्वयंपाक मी करते," सून म्हणाली.

"तूच करतेस गं. पण आईचा मान नको का राखायला?"

"आणि सुनेनं जरा वाकलं तर काय बिघडतं?" सासूबाई म्हणाल्या. "वाकणाऱ्याचं कधी काही मोडत नाही."

सुनेनं गवंड्याचा हातोडा उचलला. कुणाला काही कळायच्या आत घाव रेघेवर बसला. मग दुसरा. मग आणखी एक. रेघेसकट गिलावा खाली आला, आतल्या विटा उघड्या पडल्या. सासूबाई खोकत खुर्चीकडे वळल्या.

"डोकं फिरलंय का तुझं?" नवरा ओरडला. "कोपरापासून नमस्कार तुला!"

"ऐकलंत?" सून गवंड्याला म्हणाली. "कोपर. घ्या माप."

"हातोडा तेवढा खाली ठेवा, ताई."

"नाही ठेवत. असंच घ्या."

ती भिंतीला लागून उभी राहिली. गवंड्यानं पट्टी लावली, तिच्याकडे बघितलं, पट्टी काढली, पुन्हा लावली.

"ताई, जरा सरळ उभ्या राहा. माप चुकेल."

"सरळच उभी आहे मी."