गोल कोपरे

“माझे कोपरे कुठे गेले?”

ताईने लॅपटॉप भावाच्या पुढ्यात असा आदळला, की शेजारचा चहा टेबलभर झाला. पडद्यावर एक बटण होतं. लाल, मोठं, ॲम्ब्युलन्स पाठवायचं. तिने काढलेल्या चित्रात त्याचे कोपरे गोल होते. इथे चारही कोपरे विटेसारखे टोकदार.

भावाने मान वर केली नाही. “ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममधली मशीनं जुनी आहेत. गोल कोपऱ्यांनी पडदा अडखळतो.”

“मग मला विचारायचं!”

“तुम्हाला विचारलं की आठवडा जातो, मॅडम.”

मॅडम! सख्ख्या बहिणीला मॅडम! लहानपणी शेंबूड पुसत ‘तायडे, तायडे’ करत मागे फिरणारं हे कार्टं, कंपनी काढल्यापासून रागावलं की मॅडम म्हणायला लागलं होतं. आणि हल्ली ते रोजच रागावलेलं असायचं.

कंपनी म्हणजे तरी काय, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. ती डिझायनर, तो डेव्हलपर. दोघांनी मिळून एक संच बनवला होता. बटणं, रकाने, याद्या, सूचनांच्या चौकटी, सगळं तयार. लोकांनी तो उचलायचा आणि आपापल्या पडद्यावर लावायचा. ती रंगवायची, तो चालवायचा. निदान ठरलं तसं होतं. प्रत्यक्षात ती काढायची एक आणि तो लावायचा भलतंच. तो सांगायचा एक आणि ती ऐकायचीच नाही. संच दोघांच्याच सर्व्हरवर होता. तिथून तो काढला, की जिथे जिथे वापरला होता तिथली बटणं त्याच क्षणी गायब.

आता बटणाच्या कोपऱ्यावरून सख्खी भावंडं तुटतात का? तुटतात. न तुटायला काय झालं?

“आजवर माझी एक तरी गोष्ट ऐकलीस?” ती कडाडली. “एक सांग! ती सूचनेची चौकट आठवते?”

आठवत होती. संचाच्या अगदी सुरुवातीला दोघांचं पहिलं भांडण त्या चौकटीवरून झालं होतं. काही पुसायला गेलं की कॉम्प्युटर विचारतो ना, ‘तुमची खात्री आहे का?’, ती. ताई तेव्हा तावातावाने म्हणाली होती, “खात्री? अरे, चिडलेल्या माणसाला खात्रीच असते! त्याला ओळखीच्या हाकेने थांबवा. काय बिघडेल ते सांगा. आणि मागे फिरायचं बटण मोठं ठेवा, चटकन सापडेल असं.” त्यावर हा म्हणाला होता, “हो, आणि बरोबर चहा-बिस्किटं देतो.”

“त्या कामाला वेळ नव्हता,” भाऊ आत्ता म्हणाला.

“माझ्यासाठी कधीच नसतो. संपलं. मी माझी चित्रं काढून घेते. बस मग नुसत्या कोडला कवटाळून.”

“घ्या काढून! मला तरी कुठे हौस आहे रोज शिव्या खायची?”

तो उठला, तिला लॅपटॉपसकट बाहेरच्या खोलीत जाऊ दिलं आणि दार लावलं. कडी सरकल्याचा आवाज आला. बाहेर बसलेल्या टेस्टर पोरीने हळूच हेडफोन चढवला. त्यात गाणं नव्हतं. पण या घरच्या भांडणात कान उघडे ठेवून बसायची तिची टाप नव्हती.

ताई बाहेरच्या टेबलाशी बसली. तिने सर्व्हर उघडला. नुसती चित्रं वेगळी निघत नव्हती. अख्खा संच काढून टाकायची सोय फक्त दोघा मालकांना होती आणि आजवर त्या सोयीच्या वाटेला कुणी गेलं नव्हतं. कोण जाणार? इतकी वर्षं रक्त आटवून उभी केलेली वस्तू. पण आज तिला त्या रक्ताचीच चीड येत होती. वापरतो माझं आणि मिरवतो स्वतःचं! कुठल्या तरी अनोळखी शहरात या घडीला कुणीतरी घाबऱ्या घाबऱ्या फोन करत असेल, कंट्रोल रूममधल्या बाईचं बोट त्या लाल बटणाकडे जात असेल, हे तिच्या डोक्यात आलंसुद्धा नाही. डोक्यात फक्त कोपरे होते.

तिने दातओठ खात संच काढायचं बटण दाबलं.

संच गेला नाही. पडद्याच्या मधोमध एक चौकट आली. तिने कधीच न पाहिलेली.

‘तायडे, तू चिडली आहेस. हे काढलंस तर ॲम्ब्युलन्स पाठवायचं बटण आत्ताच्या आत्ता गायब होईल. तिकडे कुणीतरी वाट बघतंय. आधी माझ्याशी भांड. मग काढ.’

खाली दोन बटणं होती. ‘काढून टाक’ बारीक, फिकं, पार कडेला. दुसरं मोठं, बोटाखाली सहज येईल असं, आणि त्याचे कोपरे गोल. ती काढते तसे, अगदी तेवढेच गोल.

बटणावरचं बोट तिने चटका बसल्यासारखं मागे घेतलं. मग तिचा राग दुपटीने उसळला.

“मेल्या!” ती बंद दाराकडे बघून ओरडली. “हे केलं होतंस तर सांगायला काय धाड भरली होती?”

टेस्टरने हेडफोन आणखी घट्ट दाबला. ताईने पदराने डोळे पुसले, नाक ओढलं आणि ते मोठं बटण दाबलं. त्यावर लिहिलं होतं, ‘भांडायला येते.’

आतल्या खोलीत टिंग वाजलं, आणि दाराची कडी निघाली.