सीलबंद पाकीट

माझा पोरगा भूपेश आठ महिन्यांपासून जेलमध्ये आहे. मोबाइलमधल्या ज्या मेसेजांवरून त्याला धरलं, ते आपण लिहिलेच नाहीत, म्हणतो. पोलिसांनी ते कोणत्या सॉफ्टवेअरनं काढले, एवढंच आमच्या वकिलानं आज कोर्टात विचारलं. सरकारी वकिलानं लाखेचं सील लावलेलं पाकीट जजसाहेबांकडे दिलं. "गोपनीय आहे. आरोपीला दाखवता येणार नाही."

बाहेर आल्यावर बायकोनं माझा हात धरला. "तुम्ही तं एकतीस वर्षं सरकारी ऑफिसात असेच पाकिटं सील केले. काय राह्यते जी त्यात?"

"देशाचं गुपित राह्यते," मी म्हटलं. तिला तेवढंच बरं वाटलं.

 

एकतीस वर्षांत साहेबांच्या हातून मोठी चूक व्हायची, तेव्हाच ते मला हाक मारायचे, "बबनराव, सीलची लाख आणा."